डॉक्टरकीचा परदेशी सौदा : आधी हिशेब, मग विमान

दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला की मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी, परभणी, नागपूरच्या मोमिनपुऱ्यापर्यंत एकच चर्चा सुरू होते. मुलगा पास झाला, पण नंबर लागेल का? आणि याच दिवसांत कुणीतरी ओळखीचा माणूस दुकानात येऊन बसतो. चहा होतो. मग तो खिशातून रंगीत पत्रक काढतो. किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, रशिया, जॉर्जिया, बांगलादेश. ‘सहा वर्षांत डॉक्टर. हप्त्याने पैसे. हलाल जेवणाची सोय. आपली मुलं भरपूर आहेत तिथे.’

सुताचा भाव चार आण्यांनी वाढला तर दहा ठिकाणी चौकशी करणारा आपला कारखानदार अशा वेळी मात्र एका बैठकीत वीस-तीस लाखांचा निर्णय घेऊन टाकतो. दोन माग विकले जातात, मागच्या गल्लीतला प्लॉट जातो, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने गहाण पडते. मुलाच्या तालमीसाठी पैसा खर्च करणे यात गैर काहीच नाही. उलट आपल्या समाजात याची गरजच आहे. परंतु हा सौदा आहे, आणि सौदा म्हटला की माल पारखून घ्यावा लागतो. तो कसा पारखावा, याचीच माहिती या लेखात देत आहोत.

‘पास’ म्हणजे नेमके काय?

पहिला घोटाळा इथेच होतो. ‘नीट’चा पेपर ७२० गुणांचा असतो. तीन तासांत १८० प्रश्न; त्यांपैकी ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे आणि ४५ रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्या उत्तराचा एक गुण कापला जातो.

२०२५ साली खुल्या वर्गासाठी पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती, तर ओबीसी, एससी आणि एसटी वर्गांसाठी ११३ गुणांवर. म्हणजे ७२० पैकी १४४ मिळवणारा ‘पात्र’ ठरला. अनेक पालकांना वाटते की पन्नास पर्सेंटाइल म्हणजे पन्नास टक्के. तसे नाही. पन्नास पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्या मुलांच्या पुढे असणे. गुणांच्या हिशेबाने ते वीस टक्केच भरले.

आता दुसरा आकडा पाहा. २०२५ साली सुमारे बावीस लाख मुले परीक्षेला बसली आणि बारा लाखांहून अधिक पात्र ठरली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे जवळपास दहा ‘पात्र’ मुले. सरकारी महाविद्यालयातली जागा हवी असेल तर पात्रतेच्या रेषेच्या कितीतरी वर जावे लागते. म्हणूनच १५० गुणांचे निकालपत्र हातात घेऊन पेढे वाटणाऱ्या बापाला पंधरा दिवसांनी कळते की या गुणांवर महाराष्ट्रातले कोणतेही सरकारी दार उघडत नाही.

आणि नेमका हाच बाप एजंटाचे पहिले गिऱ्हाईक असतो. कारण २०१८ पासून परदेशात डॉक्टरकी शिकायला जाणाऱ्यालाही ‘नीट’मध्ये पात्र ठरणे सक्तीचे झाले आहे, मात्र त्यासाठी पात्रतेची रेषा ओलांडली की पुरते. परदेशी प्रवेशासाठी हा निकाल तीन वर्षे चालतो. त्यामुळे ‘आजच पैसे भरा, नाहीतर वर्ष वाया जाईल’ ही घाई एजंटाची असते, कायद्याची नसते.

परत आल्यावरची परीक्षा

रंगीत पत्रकात जी गोष्ट बारीक अक्षरांतही नसते ती अशी : परदेशातून एमबीबीएस किंवा त्या बरोबरीची पदवी घेऊन आलेला मुलगा थेट दवाखाना उघडू शकत नाही. त्याला आधी इथे एक परीक्षा द्यावी लागते. परदेशी वैद्यकीय पदवीधरांची ही चाळणी परीक्षा, म्हणजे ‘एफएमजीई’, २००२ च्या नियमांनी सुरू झाली. ती वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होते. ३०० प्रश्न, ३०० गुण. पास होण्यासाठी १५० गुण लागतात. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. ही परीक्षा जाऊन तिच्या जागी ‘नेक्स्ट’ नावाची एकच परीक्षा सर्वांसाठी आणायचे कायद्यात ठरलेले आहे. तेव्हा आज जाणाऱ्याने दोन्ही शक्यता धरून चालावे.

निकाल काय सांगतो? डिसेंबर २०२४ च्या परीक्षेत सुमारे ४४ हजार बसले आणि १३ हजारांच्या आसपास पास झाले. जून २०२५ मध्ये ३६ हजार बसले, पास झाले सात हजारांहून कमी. शंभरात एकदा तीस, एकदा एकोणीस. यात पूर्वी नापास होऊन पुन्हा बसलेलेही असतात, आणि प्रत्येक विद्यापीठाचा निकाल सारखा नसतो. तरीही व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर शंभर गाठी माल पाठवला आणि पहिल्या खेपेला वीस-तीसच गाठी पसंत झाल्या, तर आपण पुढची ऑर्डर घेण्याआधी थांबून विचार करतो. इथे तर माल म्हणजे आपले लेकरू आहे.

नापास झालेला मुलगा काय करतो? पंचविशी उलटलेली, नावामागे डॉक्टर लागलेले, पण नोंदणी नाही. एखाद्या खाजगी रुग्णालयात मिळेल त्या पगारावर रात्रपाळी करतो, दिवसा शिकवणीला जातो. काहीजण लाजेने गावी परतत नाहीत. घरचा माग विकलेला असतो. त्या घरात या विषयावर कुणी बोलत नाही, म्हणून शेजारचा पुढचा बाप पुन्हा त्याच वाटेने जातो.

नियमांच्या चार गाठी

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने परदेशी पदवीसाठी नवे नियम लागू केले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते लागू आहेत. पैसे भरण्याआधी या गाठी एकेक करून तपासाव्यात.

पहिली, शिक्षणक्रम किमान ५४ महिन्यांचा असला पाहिजे. दुसरी, त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप झाली पाहिजे. परत आल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची वेगळी. तिसरी, शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले पाहिजे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणेच डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्यास तो विद्यार्थी पात्र ठरला पाहिजे. ज्या पदवीवर खुद्द तिथेच दवाखाना उघडता येत नाही, ती पदवी इथे चालत नाही. शिवाय हा सर्व शिक्षणक्रम प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पूर्ण व्हावा लागतो.

आयोग परदेशी महाविद्यालयांना ‘मान्यता’ देत नाही. तेव्हा ‘आयोगाने मान्यता दिलेले कॉलेज’ असे पत्रकावर छापलेले दिसले, तर तिथेच सावध व्हावे. उलट आयोग वेळोवेळी इशारे देतो. २०२५ साली मध्य अमेरिकेतील बेलीझच्या तीन संस्थांबद्दल आणि उझबेकिस्तानातील एका विद्यापीठाच्या शाखेबद्दल असाच इशारा दिला गेला होता. आयोगाच्या आणि त्या देशातील भारतीय दूतावासाच्या सूचना वाचणे हे घरातल्या शिकलेल्या मुलीचेही अर्ध्या तासाचे काम आहे.

माध्यम इंग्रजी असले तरी ताश्कंद किंवा बिश्केकच्या रुग्णालयातला रोगी इंग्रजी बोलत नाही. त्याच्या पोटात कुठे दुखते हे समजण्यासाठी तिथली भाषा यावी लागते. जो मुलगा पहिल्या दोन वर्षांत ती शिकत नाही, तो रोग्याजवळ उभा राहूनही काही शिकत नाही. चाळणी परीक्षेत अडखळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

डॉलरचा भाव आणि पत्रकातला भाव

पत्रकात रुपयांचा आकडा छापलेला असतो. फी मात्र बहुधा डॉलरमध्ये भरायची असते. समजा, वर्षाची फी ५ हजार डॉलर आहे. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे फी झाली ३ लाख ७५ हजार. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपये ओलांडले. तीच फी झाली साडेचार लाख. विद्यापीठाने एक पैसाही वाढवला नाही, तरी वर्षाला ७५ हजारांचा फरक पडला. सहा वर्षांचा सौदा आजच्या भावाने मोजणे म्हणजे दिवाळीचा माल आषाढातल्या दराने विकायचे कबूल करणे होय.

पत्रकात नसलेले खर्च वेगळे लिहून काढा. येण्याजाण्याची तिकिटे, दरवर्षी व्हिसा वाढवणे, विमा, थंडीचे कपडे, परत आल्यावर चाळणी परीक्षेची शिकवणी आणि त्या काळातला राहण्याचा खर्च. वेळही मोजा. भारतातला एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत बाहेर पडतो. परदेशातून येणाऱ्याला ५४ आणि १२ महिने, मग परीक्षा, मग इथले १२ महिने; पहिल्याच खेपेला पास झाला तरी सात-आठ वर्षे धरून चाला.

पैसे पाठवण्याबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फी बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यावर जावी, एजंटाच्या हातात रोख नव्हे. रोख दिलेल्या पैशाची पावती नसते, आणि प्रवेश रद्द झाला तर मागायला तोंड नसते. परदेशी पैसे पाठवताना बँक ‘टीसीएस’ कापते म्हणून काहीजण आडवाटेने जातात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर हा कर कापला जात नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावरही नाही. त्यापुढे कापलेली रक्कमही बुडत नाही. आयकराच्या विवरणपत्रात ती वळती होते किंवा परत मिळते. त्यासाठी विवरणपत्र भरण्याची सवय मात्र हवी.

कर्जाचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणाऱ्या घरांनी आधी जमातीचा फंड, ट्रस्टची शिष्यवृत्ती आणि नातलगांची कर्जे हसना यांची चाचपणी करावी. ज्यांना चालत असेल त्यांच्यासाठी राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचा दर बाजारापेक्षा बराच कमी असतो. केंद्राची ‘पढो परदेश’ ही व्याजसवलतीची योजना मात्र २०२२-२३ पासून बंद झाली आहे; तिच्या भरवशावर कुणी आकडेमोड करून देत असेल तर ती खोडून टाका.

माल वाटेत अडकला तर?

परदेशी शिक्षणाला आणखी एक जोखीम असते, जी कोणत्याही करारात लिहिलेली नसते. २०२० साली चीनने दारे बंद केली आणि हजारो विद्यार्थी दोन वर्षांहून अधिक काळ घरी बसून राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि आपल्या मुलांना ‘ऑपरेशन गंगा’मधून परत आणावे लागले. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात संचारबंदी लागली, मुले सीमेवरून चालत परतली. जून २०२५ मध्ये इराणमधून मुलांना बाहेर काढावे लागले.

याचा अर्थ जाऊच नये असा नाही. याचा अर्थ एवढाच की शेवटचा रुपया विकून जाऊ नये. परतीचे तिकीट आणि सहा महिन्यांचा खर्च गाठीशी नसताना ज्याने मुलाला पाठवले, त्याने विमा न काढता गोदाम भरले.

घरातली जागा आधी पाहा

वाचकहो, आपले कितीतरी कारागीर-पालक एक गोष्ट न तपासताच परदेशाकडे धावतात. ती म्हणजे आपले स्वतःचे कागद.

महाराष्ट्रात मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मणियार, मुलाणी अशा कितीतरी मुस्लिम व्यावसायिक बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. त्यांना राज्यातील वैद्यकीय प्रवेशात आरक्षण मिळू शकते. पण त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र हवे. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. इथे आपली अडचण अशी की आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. मग चुलत आजोबांचा दाखला, जन्म-मृत्यू नोंद, जुने खरेदीखत, महसुली कागद असा शोध घ्यावा लागतो. हे काम निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. मुलगा दहावीत गेला की त्याच दिवशी ते सुरू करावे. जे ओबीसीत बसत नाहीत आणि ज्यांचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्क्यांचा विचार करावा.

मुलींच्या बापांनी तर हे नीट वाचावे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणे ही त्यातली मुख्य अट आहे. म्हणजे ज्या खाजगी महाविद्यालयाची फी ऐकून आपण मागे फिरतो, तिथली जागा गुणांवर मिळाली तर मुलीची फी सरकार भरते. वसतिगृहाचा खर्च उरतो; पण तीस लाखांशी त्याची तुलना होत नाही.

नावाचा घोळही आधीच मिटवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद’, पासपोर्टवर नुसते ‘एमडी’; कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. परीक्षेच्या अर्जापासून व्हिसापर्यंत ही गाठ प्रत्येक खिडकीवर अडते. सर्व कागदांवर नाव एकच करून घ्या.

आणखी एक वर्ष द्यावे का?

‘नीट’ किती वेळा द्यावी याला बंधन नाही, आणि २०२२ पासून वयाची वरची मर्यादाही उरलेली नाही. मग वर्ष थांबणे शहाणपणाचे की नाही, हे भावनेने ठरवू नये. राज्याच्या सीईटी कक्षाने जाहीर केलेली मागच्या वर्षीची यादी काढा, आपल्या प्रवर्गाची शेवटची जागा किती गुणांवर भरली ते पाहा आणि मुलाचे गुण त्याच्याशेजारी लिहा. अंतर पन्नास-साठ गुणांचे असेल आणि मुलगा मेहनती असेल, तर एक वर्ष हा चांगला गुंतवणुकीचा सौदा आहे. अंतर तीनशेचे असेल, तर तिसऱ्यांदा बसवणे म्हणजे मुलाचे वय जाळणे आहे.

शिकवणीसाठी कोटाच गाठावे असे नाही. लातूर आपल्याच राज्यात आहे, आणि सीमेपलीकडे बिदरच्या शाहीन संस्थेत महाराष्ट्रातली आपली बरीच मुले जातात. प्रश्नपत्रिका मराठीत आणि २०१८ पासून उर्दूतही मिळते. मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरला जातो. म्हणून उर्दू-मराठी शाळेतल्या मुलांनी इंग्रजी संज्ञा सुरुवातीपासून पाठ कराव्यात.

आणि डॉक्टरकीचे दार एकच नाही. याच ‘नीट’च्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद आणि युनानी यांचे प्रवेश होतात. मालेगाव, पुणे आणि मुंबईत युनानीची जुनी महाविद्यालये आहेत, आणि उर्दू शिकलेल्या मुलाला तिथे भाषेचा फायदाच होतो. नर्सिंग, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ या कामांना शहरात आणि आखातातही मागणी आहे. एमबीबीएसवाचून इज्जत नाही, ही समजूत आपल्या मुलांना फार महाग पडली आहे.

जमातीने करण्याजोगे

चार माग चालतात त्या घरात शांतता नसते. दोन खोल्यांत आठ माणसे राहतात. मशिदीच्या वरच्या मजल्यावर, मदरशाच्या एका दालनात किंवा बाजार समितीच्या रिकाम्या गाळ्यात वीस खुर्च्या, दिवे आणि पंखे लावून अभ्यासिका उघडली, तर त्याला एका मुलाच्या परदेशी फीइतकाही पैसा लागत नाही. तिथे आठवड्यातून एकदा कागदपत्रांचे काम जाणणारा एक माणूस बसवला, तर वर्षाला कितीतरी घरांचे लाखो रुपये वाचतील. परदेशातून शिकून आलेले आणि चाळणी परीक्षा पास झालेले डॉक्टर आता आपल्या बहुतेक शहरांत आहेत. नापास झालेलेही आहेत. त्या दोघांनाही नव्या पालकांसमोर बोलते केले पाहिजे.

शेवटी, परदेशी जायचेच ठरले तर सही करण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्या. या पदवीवर त्या देशात परवाना मिळतो का? ५४ आणि १२ महिने तिथेच पूर्ण होतात का? या विद्यापीठातून आलेली किती मुले चाळणीत पास झाली आणि त्यांच्यापैकी दोघांशी आपण स्वतः बोललो का? डॉलर शंभर रुपये झाला तर शेवटच्या वर्षाची फी कुठून येणार? आणि मुलाला स्वतःला डॉक्टर व्हायचे आहे, की आपल्यालाच दुकानावर पाटी लावायची आहे?

पाचही उत्तरे समाधानकारक असतील तर अल्लाहचे नाव घेऊन पाठवा. एखादेही अडले, तर मागाला हात लावू नका.